हुंकार ऐकू आला पाहिजे

प्रिय पोरी,

जव्हारहून परतल्यावर लिहिलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. आश्रमशाळेचा पत्र्याचा हॉल, दोनशे मुलं, मागच्यांची चुळबुळ आणि गोष्ट सांगताना चौथ्या रांगेपुढे न पोचणारा तुझा आवाज. घसा बसलाय तो चार दिवसांत सुटेल, गरम पाणी पीत राहा. पण शेवटी तू विचारलंस, "ताई, गळ्यात अडकवायचा माइक घेऊ का?" घेऊ नकोस.

लहानपणी आजीजवळ निजून गोष्ट ऐकली असशील ना? "हूं म्हण, नाहीतर मी थांबते," असं ती दरडावायची. अंधारात तिला तुझं तोंड दिसत नसे. हूं आलं की पुढचं वाक्य, हूं लांबलं की आवाज हळू, बंद झालं की अंगावर पांघरूण. सगळी गोष्ट त्या हूंवर चालायची. श्रावणात कहाणी ऐकायला बसणाऱ्या बायकाही हातात अक्षता धरून बसतात; ऐकणाऱ्याच्या हाताला काम असतंच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रांवरून गोष्ट सांगणारे कलावंत, पोथीतलं एकेक चित्र हातात धरून दाखवतात. ते चित्र जिथवर दिसतं, तिथवरच माणसं बसतात. आपल्या जुन्या माणसांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माइक लावलास की तुझा आवाज शेवटच्या पोरापर्यंत जाईल, पण त्याचं हूं तुला ऐकू येणार नाही. मग तू कुणाला सांगतेयस?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा हा गोष्टी सांगायचा धंदा सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. एका शहरातल्या मोठ्या शाळेनं बोलावलं. मैदानावर हजारावर मुलं, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. मानधन माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढं. मी राक्षसाचा आवाज काढला. एरवी तो आवाज मी समोरच्या चेहऱ्यांकडे बघत चढवते, कुणाचा ओठ थरथरला की लगेच उतरवते. त्या दिवशी नुसता चढवत गेले, कारण मला तो आवडत होता. कार्यक्रम संपला, मुलं उठली, आणि स्पीकरच्या पुढ्यात पहिलीतली एक मुलगी कानांवर हात दाबून तशीच बसलेली दिसली. तिचा फ्रॉक ओला झाला होता. किती वेळ रडत होती कोण जाणे. मी तिच्यापासून पंधरा पावलांवर उभी होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर माइक सोडला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पुढची दोन वर्षं मी तो वापरत राहिले. घराचे हप्ते होते. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

तेव्हापासून साठ. एका वेळी साठ मुलं, एकही जास्त नाही. दोनशे असतील तर चार वेळा सांगायची, तीच गोष्ट, आणि चौथ्यांदाही पहिल्यासारखी. मुख्याध्यापक म्हणतात, "ताई, एकदम उरकून टाका ना, पोषण आहाराची वेळ होते." तू म्हणायचं, आधी जेवू द्या, मग अर्धा तास खेळू द्या, मी थांबते. वस्तीची गाडी असेल तर मुक्काम कर. शिक्षकांना खाली मुलांत बसायला सांग. उभा राहिलेला मास्तर दिसला की पोरं हूं म्हणायला घाबरतात. लहान पुढे, अर्धगोल, आणि खिडकीचा उजेड तुझ्या तोंडावर. पाऊस पत्र्यावर पडत असेल तर थांब. पावसाशी ओरडून स्पर्धा करायची नाही.

आणि जव्हारची मुलं गप्प होती ती तुझा आवाज पोचला नाही म्हणून, असं तुला खरंच वाटतं? पहिल्या तीन रांगाही गप्पच होत्या, तूच लिहिलंयस. त्यांच्या घरी वारली बोलतात. तू पुस्तकी मराठीत सुरुवात केलीस. हूं कुठून येणार? पहिल्याच वाक्यात खेकडा आला तर थांबायचं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" विचारायचं आणि पुढे त्यांचाच शब्द वापरायचा. एवढं साधं होतं गं! त्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. आधी 1945 मध्ये बोर्डीला, मग 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. शिंपले, बिया, खडे हीच साधनं. माणसानं मुलाच्या इतक्या जवळ जायचं असतं, की त्याचं हूं ऐकू यावं.

पैशाचं विचारलंस. साठ मुलांच्या हट्टापायी मी बरीच कामं घालवली. एका संस्थेनं वर्षभराचा करार देऊ केला होता, प्रत्येक कार्यक्रमाला किमान पाचशे मुलं अशी अट होती, मी नको म्हटलं. घरचे अजून तो विषय काढतात. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी निम्मे दिवस एसटीत होते, आणि तिलाही वाटतं की आईनं तो करार घ्यायला हवा होता. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मी बरोबरच केलं. चुकले असते तर गेल्या पावसाळ्यात मोखाड्याला एक बाप्या माणूस चालत्या गाडीत उठून माझ्याजवळ आला नसता, "हूं" एवढंच म्हणून हसला नसता. चौथीत असताना त्यानं माझी गोष्ट ऐकली होती. कुठली, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

तुला माइक घ्यायचाच असेल तर घे, मी अडवणारी कोण? मात्र त्याआधी एकदा माझ्याबरोबर चल. पुढच्या गुरुवारी मोखाड्याच्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळा आहे, पटावर अठ्ठावीस मुलं. नाशिकहून सकाळच्या गाडीनं निघू. सतरंजी मी आणते. तू गोष्ट सांगायची नाहीस, मुलांत बसून हूं म्हणायचंस.

तुझी,
ताई