चिंटू खात नाही आणि राजा त्याच्या अंगावर बसतो

प्रश्न : आमच्याकडे राजा आणि चिंटू असे दोन बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडे) आहेत. दोघे नऊ महिन्यांचे, एकाच दिवशी आणलेले, तीन फुटी काचेच्या टाकीत एकत्र वाढलेले. कधी भांडले नाहीत. उलट दिव्याखालच्या दगडावर राजा चिंटूच्या अंगावर पसरून असतो, मुलं त्यांना 'दोस्त' म्हणतात. पण गेले अकरा दिवस चिंटू रातकिड्यांकडे बघतही नाही. दुकानदार म्हणतो, पावसाळ्यात असं होतंच. काय करावं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी चिंटूला दुसऱ्या टाकीत हलवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

राजा चिंटूच्या अंगावर बसतो ती दोस्ती नव्हे. टाकीत ऊन एकच, तुमचा तो दिवा. राजा वर पसरला की ऊन त्याला मिळतं आणि चिंटू त्याच्या सावलीत राहतो. हे प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातले, एकएकटे राहणारे. तिथे दुबळा पळून जातो. तीन फुटांच्या काचेत तो पळणार कुठे? मग तो हलणं आणि खाणं बंद करतो. राजा मान जोरात खालीवर करतो का, दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी करतो का, चिंटू एक हात उचलून सावकाश गोल फिरवतो का, हे बघा. मुलांना तो 'टाटा' वाटतो, पण तो म्हणत असतो, 'तूच मोठा, मला सोड.' भांडण दिसलं नाही, कारण चिंटू आधीच हरला आहे.

दोन वर्षांपूर्वी म्हापशाहून एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. बुटाच्या खोक्यात जुन्या टॉवेलवर अशीच जोडी. तराजूवर एक 340 ग्रॅम भरला, दुसरा 170. वय तेच, टाकी तीच. धाकट्याच्या शेपटीच्या मुळाशी हाडं हाताला लागत होती, डोक्यावरचे दोन उंचवटे खोल गेले होते आणि मागच्या पायाच्या एका बोटाचं टोक चावून तोडलेलं होतं. घरात कुणाला ते दिसलंच नव्हतं. वेगळं केल्यावर पाचव्या दिवशी त्याने जास्वंदीची एक पाकळी खाल्ली. नातवाने फोनवर ते सांगितलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता, माझाही.

आता दुकानदाराच्या म्हणण्याकडे. पावसाळ्यात हे होतं, पण 'होतंच' म्हणून सोडून देण्याजोगं नाही. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत हवेतली आर्द्रता सहज 85 टक्क्यांवर जाते, यांना 30 ते 40 हवी. वीज गेली की दिवा गेला, आणि उष्णता नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, तसंच कुजतं. बसायच्या दगडावर 38 ते 42 अंश, थंड बाजूला 25 ते 28 हवेत. काचेला चिकटवलेल्या गोल थर्मामीटरवर विसंबू नका, दगडावर ठेवायचा प्रोबवाला डिजिटल घ्या. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी नळी वेगळी लागते, खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसतं. ती पेटत असली तरी तिची ताकद संपते, म्हणून सहा ते बारा महिन्यांत बदला. तुमची घेतल्यापासून तीच असेल, तर आता बदलाच. चिंटूच्या नव्या टाकीतही दिवा आणि नळी दोन्ही हवेत.

स्वयंपाकघरातल्या तराजूवर दोघांचं वजन आज करा, मग दर तीन दिवसांनी. अकरा दिवस हे या वयाला फार झाले, म्हणून दोघांची ताजी शी घेऊन या आठवड्यातच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. कॉक्सिडियासारखे परजीवी एका टाकीत दोघांनाही लागतात, म्हणून राजा धडधाकट दिसतो तरी त्याचीही तपासणी करा. जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. चिंटू मादी असू शकते, हेही विचारून घ्या. वर्षाच्या आसपास माद्या नराशिवायही अंडी धरतात आणि तेव्हा खाणं सोडतात.

भूक परतेल तेव्हा शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला भोपळा, जास्वंद द्या. तांबडी भाजी आपल्या जेवणात रोज असते, पण यांना रोज नको, तिच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. आणि मुलांना बजावून ठेवा, काजवा कधीही नाही. काजव्याच्या विषाने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

दोन टाक्यांमध्ये पुठ्ठा लावा, नुसतं समोर दिसलं तरी राजा चिंटूला दाबून ठेवतो. चवथीला गावच्या घरी जाणार असाल तर प्रवासातही दोन वेगळे डबे न्या, आणि तिथे वीज जात असेल तर इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्याकडे आधीच शब्द टाकून ठेवा.