ऑडिओ बंद केल्यावर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुझी चडफड कळली. रोज इतिहासाचे दोन ऑडिओ पाठ लावतेस, भाचरं शहाण्यासारखी बसून ऐकतात, मध्येमध्ये माना डोलावतात आणि चार दिवसांनी विचारलं की पाटी कोरी. रोमवर चालून गेलेल्या कार्थेजच्या सेनापतीवरचा, हॅनिबलवरचा, चांगला अर्ध्या तासाचा पाठ ऐकून धाकटीच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की हत्ती घाबरून नदीत पडले. रोमचा पत्ता नाही, कार्थेजचा नाही, आल्प्सचा तर नाहीच. आता तू प्रत्येक पाठावर वीस प्रश्नांची चाचणी काढायच्या विचारात आहेस.

इतक्यात काढू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी घरी शिकणाऱ्या मुलांना इतिहास शिकवायचे, तोही बराचसा ऑडिओवर, कारण घसा फार बोलू देत नव्हता. पहिलं वर्ष मी तुझ्यासारखंच घालवलं. रेकॉर्डिंग शिकवतंय म्हणजे आपण मोकळ्या, असं वाटायचं. पाठ सुरू असताना मी एका कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसायचे. एका आठ वर्षांच्या मुलाने मला शुद्धीवर आणलं. पाठ होता रोझेटा शिळेचा. १७९९ मध्ये फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये सापडलेला तो दगड, त्यावर तीन लिप्यांमध्ये कोरलेलं एकच फर्मान, आणि त्याच्या आधाराने १८२२ मध्ये शांपोलियाँने सोडवलेलं चित्रलिपीचं कोडं. निवेदकाने फार सुरेख सांगितलं होतं. पाठ संपल्यावर मुलाने विचारलं, "पण ती शिळी कशी झाली?" मला काही कळेना. मग तोच पुढे म्हणाला, "दोन हजार वर्षं जुनी म्हणून शिळी झाली असेल. पण रोझेटा बाई असेल तर 'शिळी' म्हणायला हवं ना? तो माणूस सारखा 'शिळा, शिळा' का म्हणत होता?"

त्याचं व्याकरण चोख होतं. चूक माझी होती. वीस मिनिटं ते पोर एका शिळ्या बाईची गोष्ट समजून घ्यायला धडपडत होतं आणि मी घड्या घालत होते.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळलं: मुलांआधी पाठ मी ऐकायचा, हातात कागद घेऊन. पुस्तकात अनोळखी शब्द आला की डोळा अडखळतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. कानाला मागे जाता येत नाही. शब्द आला आणि गेला; मूल पहिल्याच शब्दात अडकलेलं असतं तोवर निवेदक चार वाक्यं पुढे. म्हणून मुलांना अडेल असं वाटणारी चार-पाच नावं आधीच मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवायची, एकदा त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. शिळेचं चित्र असेल तर तेही दाखवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आधी ऐकण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कत्तली, छळ, गुलामांचे बाजार असले भाग कुठे येतात ते तुला ठाऊक राहतं. सात वर्षांच्या मुलीला काय ऐकवायचं आणि काय दोन वर्षांनी, हे तू ठरव. रेकॉर्डिंगला तिचं वय माहीत नाही.

दुसरं, पाठ तोडायला शीक. अर्धा तास सलग ऐकणं तुला-मला जड जातं, तर धाकटीचं काय! सात-आठ मिनिटं पुष्कळ झाली. पण घड्याळाकडे बघून तोडू नकोस. जिथे कुणाला तरी काहीतरी ठरवायचं आहे, तिथे तोड. मॅजेलन या दर्यावर्दीची सफर घे, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. १५१९ मध्ये स्पेनहून ५ जहाजं आणि सुमारे २७० माणसं निघाली. कागदाची ५ जहाजं करून जमिनीवर मांड. 'सांतियागो' वादळात फुटलं, एक जहाज उचल. मग दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी ती चिंचोळी सामुद्रधुनी सापडते, पुढे काय आहे ते कुणालाच माहीत नाही, अन्नसाठा खालावतोय. थांब! बटण दाब. "तुम्ही असता तर पुढे गेला असता की मागे फिरला असता?" भांडू दे दोघांना पाच मिनिटं. मग पुन्हा लाव. 'सान अंतोनियो' जहाजावरच्या लोकांनी नेमकं तेच केलं, मागे फिरून स्पेन गाठलं. ज्याने मागे फिरायचं म्हटलं होतं त्याचा चेहरा बघ तेव्हा. पुढे प्रशांत महासागरात तीन महिन्यांहून अधिक काळ उपासमार; १५२१ च्या एप्रिलमध्ये मॅजेलन फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर मारला जातो. तिन्ही जहाजं चालवायला माणसं पुरत नाहीत म्हणून 'कन्सेप्शन' जाळून टाकतात. 'त्रिनिदाद' गळायला लागतं म्हणून मागे राहतं. सप्टेंबर १५२२ मध्ये एकटं 'व्हिक्टोरिया' परत येतं, त्यावर १८ माणसं. जमिनीवर एक कागदी जहाज उरलेलं असतं आणि खोलीत कुणी बोलत नाही. ही शांतता मी चार-पाच वेळा अनुभवली आहे.

(थोरल्याला एक मिठाई म्हणून हे सांग: परतीच्या वाटेवर केप व्हर्द बेटांवर उतरले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. रोज न चुकता नोंद केली होती, तरी एक दिवस गेला कुठे? उत्तर देऊ नकोस. चेंडू आणि दिवा हातात दे आणि बाजूला हो.)

हात रिकामे ठेवू नकोस, हे ओघानेच आलं. मुलं ऐकताना चुळबुळ करतात म्हणून तू त्यांना हाताची घडी घालून बसवतेस असं लिहिलंयस. कशाला? रेघोट्या मारू दे, माती मळू दे, नकाशात रंग भरू दे. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकताना ज्यांनी कागदावरचे आकार रंगवले, त्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. ती मोठी माणसं होती आणि निरोप मुद्दाम रटाळ केलेला होता, तेव्हा त्यातून फार काही काढू नये. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. फक्त शब्द लागणारं काम देऊ नकोस. वाचन, शब्दकोडी किंवा पाढे लिहिणं चालणार नाही. शब्द दोन दारांतून एकदम आत शिरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लांबलचक पत्र लिहायला बसले. पाठ संपला की तू लगेच काय करतेस? पत्रावरून दिसतंय की दुसरा पाठ लावतेस. तो लावू नकोस. बंद कर आणि म्हण, "सांग."

एवढंच. "हॅनिबल कोण होता?", "कुठल्या साली?" असलं काही नाही. "जे ऐकलंस ते मला सांग." इंग्लंडमधल्या शार्लट मेसन या शिक्षिकेने शंभरेक वर्षांपूर्वी हीच पद्धत धरली होती: एकदाच ऐकवायचं, आणि मग मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं. दिसायला सोपी, करायला अवघड, कारण सगळी कसोटी तुझ्या जिभेची आहे. मूल सांगत असताना तू गप्प राहायचंस. त्याने आल्प्सला हिमालय म्हटलं तरी. मधेच दुरुस्त केलंस की ते गोष्ट सोडून तुझ्या तोंडाकडे बघायला लागतं, बरोबर-चूक शोधायला. सगळं सांगून झाल्यावर नकाशा उघड आणि "हे डोंगर कुठे आहेत, शोधूया का?" एवढंच विचार. दोघं असतील तर आधी धाकटीला सांगू दे. थोरल्याने आधी सांगितलं तर तिच्यासाठी काही उरत नाही आणि ती "दादाने सांगितलं तेच" म्हणून मोकळी होते. तिचं झाल्यावर त्याने फक्त राहिलेलं भरायचं. त्यासाठी त्याला तिचंही नीट ऐकावं लागतं.

"आठवत नाही" हे उत्तर पहिले पंधरा दिवस रोज येईल. घाबरू नकोस आणि रागावूही नकोस. "बरं, एक चित्र काढ" म्हण. किंवा तूच उलटसुलट सांगायला लाग, "मग हत्तींनी हॅनिबलला पाठीवरून फेकून दिलं…" सात वर्षांची मुलगी हे सहन करूच शकत नाही.

आणि चाचणी? सांगणं हीच चाचणी आहे, तीही फार जुन्या खोडाची. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे. तुझ्या घरात नेमकं हेच चाललंय बघ. पाठ संपला की माना डोलतात, तुला वाटतं समजलं, त्यांनाही वाटतं समजलं, आणि आठवड्याने सगळेच तोंडावर पडता. म्हणून दुसऱ्या दिवशी नवा पाठ लावण्याआधी "काल आपण कुठे होतो?" एवढं विचारायचं विसरू नकोस. रोज दोन पाठांऐवजी आठवड्याला दोन होतील. होऊ देत. यादी संपवायची घाई कुणालाच नाही.

कानाने इतिहास ऐकण्यात एक खोड मात्र राहतेच: क्रम आणि काळ हाताला लागत नाही. हॅनिबलने आल्प्स ओलांडला तो इ. स. पू. २१८ मध्ये आणि सीझरचा खून इ. स. पू. ४४ मध्ये. कानाला ४४ आधीचं वाटतं, लहान आकडा म्हणून. यावर उपाय दोरी. भिंतीवर एक लांब दोरी बांध, शतकाला एक वीत, प्रत्येक पाठाची एक चिठ्ठी त्या जागी अडकवायची. महिना-दोन महिने ही दोरी अगदी निर्जीव वाटते. मग एक दिवस दोन चिठ्ठ्या एकमेकींवर येतात. आमच्याकडे शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा पाठ आणि लंडनच्या आगीचा पाठ यांत काही महिन्यांचं अंतर पडलं होतं. दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज, दोन वेगळे निवेदक. चिठ्ठी लावताना मुलीच्या लक्षात आलं की दोन्ही १६६६. सुटका ऑगस्टमधली, आग सप्टेंबरमधली. ती म्हणाली, "म्हणजे महाराज वाटेत असताना तिकडे आग लागली होती!" मी तिला शंभर वेळा सांगितलं असतं तरी ते तिचं झालं नसतं.

आवाजाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. चांगला निवेदक इतका खात्रीने बोलतो की मुलांना वाटतं तो तिथे हजर होता. महिन्यातून एकदा तरी विचार, "हे याला कुणी सांगितलं?" ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचा पाठ त्यासाठी उत्तम. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा धाकटा प्लिनी, पुढे रोमन लेखक झालेला, सतराएक वर्षांचा होता, त्याने दुरून पाहिलं आणि पुढे बऱ्याच वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला पत्रांत लिहून कळवलं. त्यात त्याचा मामा कसा गेला तेही आहे. तारीख सर्रास २४ ऑगस्ट सांगितली जाते. पण २०१८ मध्ये तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर उजेडात आला, त्यावर दिवस निघतो १७ ऑक्टोबर. वर्ष लिहिलेलं नाही. पण कोळशाची अक्षरं भिंतीवर किती दिवस टिकतील? मग स्फोट ऑगस्टमधला की त्या १७ ऑक्टोबरनंतरचा? थोरल्याला हे विचार आणि त्याला वाद घालू दे, आपल्या रेकॉर्डिंगशीसुद्धा. दहा वर्षांच्या मुलाला छापील किंवा बोलक्या मोठ्या माणसाची चूक सापडली की तो आठवडाभर छाती काढून चालतो.

बाकी किरकोळ. पाठ पार्श्वसंगीतासारखा दिवसभर चालू ठेवू नकोस, कान बोथट होतात. आवडलेला जुना पाठ झोपताना पुन्हा मागितला तर खुशाल लाव. धाकटी सारखीच "काय? काय म्हणाला?" करत असेल तर एकदा कान तपासून घे, लक्ष नाही असा शिक्का मारण्याआधी.

आता ते हत्ती. तू लिहितेस की लक्षात राहिलं तर इतकं क्षुल्लक. अगं, पॉलिबियससारख्या प्राचीन इतिहासकारालाही तो प्रसंग वगळावासा वाटला नाही. ३७ हत्ती ऱ्होन नदीपार न्यायचे होते. तराफ्यांवर माती पसरली, म्हणजे हत्तींना ती जमीनच वाटावी. तराफे हलले, काही हत्ती बिथरले आणि पाण्यात पडले. धाकटीने तुला गोष्टीचं दार उघडून दिलं होतं आणि तू तिला रोमचं नाव विचारत बसलीस. उद्या नवा पाठ लावू नकोस. तिला एवढंच विचार, पडलेले हत्ती बुडाले का? ती "माहीत नाही" म्हणाली तर तेवढाच भाग दोघी मिळून पुन्हा ऐका. पाण्यात बुडालेल्या हत्तीला श्वास कसा घेता येईल, त्याचं चित्र तिला काढू दे. ते चित्र मला पाठव.

तुझी,
बाई