अमेरिकेच्या सिनेटमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या कोणत्या सदस्याबद्दल तुम्हाला आदर वाटतो, आणि का?

डॅनियल इनोये. होनोलुलूत जपानी वंशाच्या कुटुंबात जन्मले. जानेवारी १९६३ पासून डिसेंबर २०१२ मध्ये वारले तोवर, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते हवाईचे सिनेटर होते.

जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या नाविक तळावर हल्ला केला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि जखमींची मलमपट्टी करायला धावले होते. तरीही सरकारने त्यांच्यासारख्या तरुणांना परके, शत्रुपक्षाचे ठरवून सैन्याची दारं बंद केली. ती १९४३ मध्ये उघडली, तेव्हा हे भरती झाले. प्रशिक्षणाच्या काळात त्यांना आर्कान्सा राज्यातली एक छावणी दाखवायला नेलं; युद्धकाळात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना अशा छावण्यांत डांबलं होतं. काटेरी कुंपण, पहारेकरी, आत आपल्यासारखेच चेहरे. पलटणीतले काही सोबती असल्याच छावण्यांतून आले होते. 'मी इथे कोंडलेला असतो तर या देशासाठी लढायला निघालो असतो का?' हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर बोलून दाखवला.

२१ एप्रिल १९४५, इटली. पिन काढलेला हातबॉम्ब ते फेकणार, तोच जर्मन माऱ्यात उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला. बॉम्ब त्या निर्जीव मुठीत तसाच. मदतीला येणाऱ्यांना त्यांनी ओरडून लांब ठेवलं, डाव्या हाताने मूठ सोडवली आणि बॉम्ब फेकला. सर्जन व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. मग वकिली शिकले. १९५९ मध्ये हवाईला राज्याचा दर्जा मिळाला आणि ते प्रतिनिधीगृहात निवडून आले. सभापतींनी शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं. वर गेला तो डावा.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीतलं त्यांचं काम गाजलं. हवाईकडे भरमसाट केंद्रीय निधी ओढला म्हणून टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांनी छावण्यांबाबत दिलेलं मत. भरपाई मागणाऱ्यांना ते म्हणाले, थेट पैशांचं विधेयक नको, आधी चौकशी आयोग नेमून घ्या. लोकांना काय घडलं हेच ठाऊक नव्हतं. काही कार्यकर्ते नाराज झाले. पण १९८१ मध्ये आयोगापुढे साडेसातशेहून अधिक जणांनी साक्ष दिली. चाळीस वर्षं घरातही न बोललेली माणसं तिथे बोलली. त्यातूनच १९८८ चा कायदा झाला: माफी आणि प्रत्येकी २०,००० डॉलर.

फक्त हयात असलेल्यांना. छावण्यांत सुमारे १,२०,००० माणसं डांबली होती आणि त्यांतली कितीतरी वडीलधारी तोवर गेली होती. याची मला आजही हळहळ वाटते.