गाडी सात जणांची, विमा एका वर्षाचा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात असं:

"घरात आम्ही सहा जण. मी, पत्नी, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं आणि माझे आई-वडील. कमावणारा मी एकटा, वय ४१. आमची छोटी गाडी सहा वर्षांची आहे, कर्ज फिटलेलं आहे, लिटरला १८ चं ॲव्हरेज देते. पण सगळे एका वेळी मावत नाहीत. म्हणून सात सीटर घ्यायचं जवळपास ठरलंय. ती ११ चं ॲव्हरेज देते म्हणतात. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणं होतं. हा इंधनाचा खर्च मला झेपेल का? गाडीची किंमत माझ्या १५ पगारांएवढी आहे. मुलांच्या शिक्षणासाठी सहा वर्षांपूर्वी एक पॉलिसी काढली होती, ती मोडून तीन पगारांचं डाउन पेमेंट करीन, उरलेले पैसे कर आणि नोंदणीला जातील. बाकीचं कर्ज सात वर्षांचं, साडेनऊ टक्क्यांनी. पॉलिसीचा हप्ता वाचेल, तो गाडीकडे वळेल. पगार दरवर्षी वाढतोच. जुनी गाडी भावाला देणार आहे. मला अलीकडे रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, त्यामुळे प्रवासात आरामही हवा. कृपया रकमा छापू नका."

रकमा छापत नाही. तुमचा हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरतो आणि सगळा हिशेब त्यावरच मांडतो. इतर वाचकांनाही आपापला आकडा घालून तो करून बघता येईल.

आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर. सध्या इंधनाला महिन्याला ४ लागतात असं तुम्ही कळवलंय. १८ वरून ११ वर आलात की तेच साडेसहा होतील. म्हणजे अडीचची वाढ. ती झेपेल. पण लिटरला किती किलोमीटर या मापाने गाड्यांची तुलना करू नका, ते माप फसवतं. १०० किलोमीटरला किती लिटर लागतात ते विचारा. तुमच्या छोट्या गाडीला साडेपाच-पावणेसहा लागतात, मोठीला नऊच्या वर. वर्षाकाठी सव्वाचारशे लिटर जास्त. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हाच गोंधळ दाखवून दिला होता. १८ ची गाडी देऊन २२ ची घेतली की माणसाला मोठी बचत केल्यासारखं वाटतं, पण १० ची देऊन १२ ची घेतली तर त्याहून जास्त इंधन वाचतं. करून बघा, १०० किलोमीटरला पहिल्यात एक लिटर वाचतो, दुसऱ्यात पावणेदोनच्या जवळपास. तेव्हा मोठीच गाडी घ्यायची असेल तर ११ आणि १३ मधला फरक क्षुल्लक समजू नका.

पण इंधन हा या गाडीच्या खर्चाचा छोटा भाग आहे. शोरूममध्येही ॲव्हरेजवरच तासभर बोलणं होतं आणि बाकीचे आकडे कागदाच्या तळाशी राहतात. १२०० चं कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के, म्हणजे हप्ता जवळपास २०. विमा, सर्व्हिसिंग आणि टायर धरून सध्या महिन्याला २ जातात, मोठ्या गाडीला ४ धरा. टायर मोठे, ऑइल जास्त, विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर. शिवाय गाडीची किंमत उतरते. नवी गाडी पाच वर्षांत साधारण निम्म्यावर येते, म्हणजे १५०० मधले ७५० गेले, महिन्याला साडेबारा. त्या पाच वर्षांत व्याजापोटी ४०० च्या आसपास भराल, महिन्याला पावणेसात. बेरीज करा: साडेबारा, पावणेसात, साडेसहा आणि ४. महिन्याला ३०. जुन्या गाडीचं इंधन ४, देखभाल २ आणि उतरणारी किंमत २ धरली तर ८ होतात. फरक २२ चा, त्यात इंधनाचा वाटा अडीच.

हे २२ तुम्ही कशासाठी देताय? तुम्हीच लिहिलंय की सहा जण एकत्र प्रवास वर्षातून सात-आठ वेळा होतो, एरवी गाडीत तुम्ही एकटे किंवा मुलांसोबत. वर्षाचे २६४ भागिले ८, म्हणजे दर सहलीला ३३. पगाराचा तिसरा हिस्सा एका सहलीला! मागच्या वेळी चालकासह मोठी गाडी भाड्याने केली तेव्हा ४ लागले, हेही तुमच्याच पत्रात आहे. आठ वेळा केलीत तर ३२. संपूर्ण वर्षाचं भाडं स्वतःच्या मोठ्या गाडीच्या एका सहलीत निघतं. रक्तदाब असलेल्या माणसाला आराम हवा असेल तर गाडी दुसऱ्याने चालवणं हाच खरा आराम.

आणखी एक. मागची रांग उघडून सहा जण बसले की बहुतेक सात सीटर गाड्यांत सामानाला जागाच उरत नाही. मग कॅरिअरवर बांधायचं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती आहे की छपरावर मोठी पेटी लावून महामार्गाच्या वेगाने गेलं तर गाडीची इंधनक्षमता १० ते २५ टक्क्यांनी घसरू शकते. ४५ किलो जादा वजनाने साधारण १ टक्काच फरक पडतो. वारा अडवणारी वस्तू वजनापेक्षा महाग पडते. म्हणजे ज्या सहलींसाठी गाडी घ्यायची, नेमक्या त्याच सहलींत ते ११ चं ॲव्हरेजही मिळणार नाही.

ज्यांच्या घरात रोज सकाळी सहा माणसं एकत्र निघतात, किंवा चाकाची खुर्ची गाडीत घ्यावी लागते, त्यांनी मोठी गाडी जरूर घ्यावी. तीही तीन-चार वर्षं वापरलेली, म्हणजे किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. तुमचं तसं नाही.

गाडीचा विषय इथे संपतो. तुमच्या पत्रात मला खरी धास्ती वाटली ती 'पॉलिसी मोडून' या दोन शब्दांची. तुम्ही सोबत पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. हप्ता महिन्याला १०, मुदत २० वर्षं, विमा रक्कम १२००. म्हणजे तुमचा एका वर्षाचा पगार. घरात पाच माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत, त्यात दोघं म्हातारे आणि दोघं शाळेत, आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या हाती येणार एका वर्षाचं उत्पन्न. दुसरा कुठलाही विमा पत्रात दिसत नाही. आहे तोही तुम्ही मोडणार आणि त्याच दिवशी १२०० चं कर्ज डोक्यावर घेणार. रागावून लिहीत नाही, पण तुमच्या पत्नीच्या जागी बसून हे एकदा वाचा.

आता त्या पॉलिसीकडे या. ती घेतली तेव्हा थोरलं मूल सात वर्षांचं होतं. मुदत २० वर्षं. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा ते २७ वर्षांचं असेल. धाकटंही २३ चं होईल. शिक्षणाच्या नावाने विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर पैसे देणार, याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात. विकणाऱ्याने मुलाचं वय आणि मुदत यांची बेरीजसुद्धा केली नाही, किंवा केली आणि सांगितली नाही. लांब मुदतीच्या पॉलिसीवर कमिशन बरं मिळतं. आपल्या मापात सांगायचं तर ४००० मिळतील असं पत्रकात ठळक लिहिलंय. २० वर्षांत २४०० भरून ४००० म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास परतावा, आणि तोही सगळे बोनस सांगितल्याप्रमाणे आले तर. अशी पॉलिसी ना धड विमा देते, ना धड बचत.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सहा वर्षांत तुम्ही ७२० भरलेत आणि आज मोडली तर ४३० मिळणार आहेत. २९० गेले, ते कुठल्याही मार्गाने परत येत नाहीत. आजपासून पुढचाच हिशेब केला, म्हणजे हातातले ४३० आणि पुढचे १४ वर्षांचे हप्ते घालून शेवटी ४०००, तर परतावा सात टक्क्यांपर्यंत जातो. तो टाकाऊ नाही. म्हणून केवळ परताव्याच्या रागाने मोडा असं मी म्हणणार नाही. मोडायची ती तारखेसाठी. तुम्हाला पैसे पाच वर्षांनी लागणार आहेत, १४ वर्षांनी नाही.

मात्र क्रम चुकवू नका. आधी शुद्ध मुदत विमा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात, तो घ्या. त्यात बचत नसते, मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात. वर्षाच्या उत्पन्नाच्या निदान १२ पट. वय आणि तब्येत पाहता हप्ता महिन्याला ३ च्या आसपास पडावा, थोडा वरही जाईल. अर्जात रक्तदाबाची गोळी स्वच्छ लिहा. एजंट 'त्याची गरज नाही' म्हणाला तर एजंट बदला, कारण लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर भांडायला तुम्ही नसाल. वैद्यकीय तपासणी होऊन, नवी पॉलिसी मंजूर होऊन, तिचा कागद हातात पडेपर्यंत जुनीचा एकही हप्ता चुकवू नका. मग जुनी मोडा. आता गोळी एकच आहे, उद्या आणखी काही निघालं तर हाच विमा महाग होईल किंवा मिळणारही नाही. म्हणून हे काम या महिन्यातलं.

मोडून आलेले ४३० मुलांचे आहेत, गाडीचे नाहीत. ते सुरक्षित ठेवीत टाका. सहा टक्के धरले तर पाच वर्षांत पावणेसहाशेच्या आसपास होतील. हप्त्याच्या १० मधले ३ नव्या विम्याला गेले, उरलेले ७ दरमहा तिथेच घालत राहिलात तर आणखी ४९० जमतील. म्हणजे थोरल्याच्या कॉलेजच्या दारात साडेदहा पगार तयार. तुम्ही त्याच्या शिक्षणाचा खर्च १५ पगारांचा धरलाय. उरलेले साडेचार पगार जमवायला महिन्याला साडेसहा जादा लागतील, आणि ते तुमच्याकडे आहेत. घरखर्च जाऊन महिन्याला २५ उरतात, त्यातले १० पॉलिसीला जातात, १५ मोकळे आहेत.

गाडी घेतलीत तर ते मोकळे राहत नाहीत. हप्ता २०, इंधनाची वाढ अडीच, देखभालीची वाढ २. साडेचोवीस. सगळी शिल्लक गेली, पॉलिसीचा वाचलेला हप्ता धरूनही. आणि कर्ज सात वर्षांचं, थोरल्याचं कॉलेज पाच वर्षांनी. पहिली दोन वर्षं फी आणि हप्ता एकदमच भरायचे, तेही शिक्षणाचा निधी आधीच गाडीत घातल्यावर.

पगार वाढेल हे खरं. पण फी वाढेल, किराणा वाढेल, आई-वडिलांची औषधं वाढतील, आणि ही वाढ कुणाच्या मूल्यमापनाची वाट बघत नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतो, 'कर्ज साडेनऊ टक्क्यांचं, शेअरवाले फंड पंधरा देतात, मग हातातले पैसे फंडात ठेव आणि गाडी पूर्ण कर्जावर घे.' कर्जाचं व्याज ठरलेलं आहे, फंडाचा परतावा नाही. पाच वर्षांनी फी भरायच्या महिन्यात बाजार खाली असेल तर मित्र हप्ता भरणार आहे का? या मुदतीच्या पैशांसाठी शेअर बाजार नको.

शोरूममधून दिलेला 'कर्ज सुरक्षा विमा'ही नाकारा. एकरकमी ४० चा हप्ता ते कर्जातच मिळवताहेत, म्हणजे व्याजासकट तुम्ही ५५ भराल. कर्ज कमी होत जाईल तसं त्याचं संरक्षणही कमी होतं आणि पैसे आधी कर्ज देणाऱ्याला जातात. तुमच्या घरच्यांना हवा तो विमा वर सांगितलाच आहे.

बँकेत फक्त दोन पगार आहेत. दोन ज्येष्ठ माणसं असलेल्या आणि एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात ते सहा तरी हवेत. मोकळ्या १५ मधले शिक्षणाचे साडेसहा काढून उरलेले साडेआठ तिकडे वळवा, चार वर्षांच्या आत होईल. सहलींचं भाडं, महिन्याला पावणेतीन, यातूनच काढावं लागलं तर आणखी दोन वर्षं लागतील. लागू द्या, पण आई-वडिलांना घेऊन फिरणं थांबवू नका.

जुनी गाडी भावाला देऊ नका, ती आणखी पाच-सहा वर्षं सहज चालेल. आणि नव्या गाडीचं बुकिंग करून बसला असाल, तर रद्द केल्यावर किती रक्कम कापली जाते ते आजच लेखी विचारून घ्या. कितीही कापली तरी ती या गाडीच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा कमीच असेल.