अक्कलदाढा काढताना संशोधनात सहभागी व्हा, असे डॉक्टर म्हणतात. सही करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही २६ वर्षांचे असून डोंबिवलीला राहता. डावीकडची खालची अक्कलदाढ गेले वर्षभर अधूनमधून सुजते, उजवीकडची मात्र आजवर एकदाही दुखलेली नाही. मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयात दोन्ही दाढा काढायचे ठरले आहे आणि एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी करणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला त्यांच्या प्रबंधासाठी सहभागी व्हायला सांगितले आहे. एका बाजूची दाढ काढताना हिरडीत डेक्सामेथासोन या सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचे इंजेक्शन देणार, दुसऱ्या बाजूला नुसते सलाइन, दोन शस्त्रक्रियांमध्ये महिनाभराचे अंतर आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी तपासणी. आपला मुलगा प्रयोगाचा उंदीर होणार, अशी आईची भीती आहे आणि तुम्हाला सही करावी की नाही ते ठरवायचे आहे.

मी मुख व जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, अनेक वर्षे मुंबईतच, आणि काही काळ एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का ते तपासणाऱ्या समितीवरही होतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि आईची भीती त्यांतल्या चुकीच्या प्रश्नाला लागली आहे. इंजेक्शनची फारशी काळजी करू नका. उजव्या दाढेची करा.

या प्रकारच्या संशोधनात एकाच माणसाच्या तोंडाच्या दोन बाजूंची तुलना करतात. त्यामागचा विचार चांगला आहे. दाढ काढल्यावर कोणाचा गाल किती सुजेल, हे वय, हाडाची घनता, दाढ किती खोल रुतली आहे आणि शस्त्रक्रियेला किती वेळ लागला यांवर अवलंबून असते. शिवाय दुखणे सोसण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी. तुमच्या डाव्या गालाची तुलना शेजारच्या खुर्चीतल्या पन्नाशीच्या गृहस्थांच्या गालाशी करण्यापेक्षा तुमच्याच उजव्या गालाशी केली, तर यातले बरेचसे फरक आपोआप गळून पडतात आणि थोड्या रुग्णांत निष्कर्ष काढता येतो. एमडीएसची तीनच वर्षे आणि प्रबंधाला त्यातली जेमतेम दीड मिळत असल्यामुळे ही रचना विद्यार्थ्यांना फार सोयीची पडते. औषधाचा परिणाम शरीरात दीड ते तीन दिवस राहतो, म्हणून दोन्ही दाढा एकाच दिवशी काढून चालत नाही. ते महिन्याचे अंतर त्यासाठी आहे आणि ते योग्यच आहे.

पण या रचनेला एक गोष्ट लागते, ती म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण सारख्या रुतलेल्या दाढा असलेला माणूस. असा माणूस ओपीडीत आला की प्रबंध रखडलेल्या विद्यार्थ्याचे डोळे चमकतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. त्यात लबाडी नसते. मात्र एरवी ज्या दाढेबद्दल ‘सध्या राहू द्या, वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढू’ असे सांगितले असते, तिच्याबद्दल नकळत ‘आज ना उद्या काढावीच लागेल’ असे तोंडातून निघून जाते. आजार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी सूचना ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेने २००० सालीच दिली होती. त्या सूचनेवर मतभेद आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. दाढ आडवी असेल आणि तिचा माथा पुढच्या दाढेला टेकलेला असेल, तर त्या सांदीत अन्न अडकून पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडते, आणि ते लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. दाढेभोवती गळू किंवा पाण्याची पिशवी दिसत असेल, तर न दुखताही ती काढावीच लागते. पण ही सारी कारणे ओपीजी या मोठ्या एक्स-रेवर बोट ठेवून दाखवता येतात. ती दाखवता येत नसतील, तर उजवी दाढ काढण्याचे कारण तुमच्या जबड्यात नसून प्रबंधाच्या आराखड्यात आहे, असे समजायला हरकत नाही.

म्हणून संशोधनाच्या कागदाला हात लावण्याआधी ती ओपीजी घेऊन, या अभ्यासाशी ज्यांचा संबंध नाही अशा दुसऱ्या शल्यचिकित्सकांना फक्त इतकेच विचारा की उजवी दाढ काढावी का. त्याच विभागातले दुसरे प्राध्यापक चालतील, बाहेरचे असतील तर अधिक बरे. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, आणि आतल्या बाजूने जिभेची. या नसांना इजा होऊन बधिरपणा मागे राहण्याचा धोका थोडा असतो, पण तो असतोच, आणि तो शस्त्रक्रियेचा असतो, इंजेक्शनचा नव्हे. विनाकारण काढलेल्या दाढेपायी तो पत्करण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेची संमती आणि संशोधनाची संमती हे दोन वेगळे कागद असतात. तुमच्यापुढे एकच ठेवला असेल, तर दुसरा मागून घ्या.

आता उंदराची गोष्ट. वैद्यकीय संशोधन म्हणजे डॉक्टरांना ठाऊक असलेला चांगला उपचार काहींना द्यायचा आणि काहींपासून लपवायचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे परळमधल्याच एका उदाहरणावरून पाहता येईल. तोंडाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि गळ्यात एकही गाठ हाताला लागत नसेल, तर तोंडातल्या शस्त्रक्रियेबरोबरच गळ्यातल्या लसीकाग्रंथीही काढून टाकाव्यात, की लक्ष ठेवून गाठ दिसली तरच काढाव्यात, यावर शल्यचिकित्सकांत कित्येक दशके वाद होता. दोन्ही बाजूंना नाणावलेली माणसे होती आणि दोन्ही बाजूंचे रुग्ण जगतही होते, दगावतही होते. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून हा वाद रुग्णांच्या खाटेशी नेला. पहिल्या ५०० रुग्णांचे आकडे तपासले, तेव्हा आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शल्यचिकित्सकांना आपली पद्धत त्याच्याशी ताडून पाहावी लागली. वाट पाहणाऱ्या गटातल्या रुग्णांना कोणी फसवले नव्हते, कारण त्या दिवशी कोणता गट भाग्यवान आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. चिठ्ठी टाकून उपचार ठरवण्याचा अधिकार डॉक्टरला मिळतो तो या प्रामाणिक अज्ञानामुळेच.

तुमच्या बाबतीत हे अज्ञान खरे आहे का? इथे मला थोडे कटू बोलावे लागेल. अक्कलदाढ काढताना डेक्सामेथासोन दिल्याने सूज आणि जबडा आखडणे कमी होते, हे अनेक अभ्यासांतून पुरेसे दिसून आले आहे. ४ मिलिग्रॅम द्यावे की ८, हिरडीत द्यावे की स्नायूत, असे विचारण्याजोगे प्रश्न अजून आहेत. पण ‘द्यावे की नुसते सलाइन द्यावे’ हा प्रश्न फार शिळा झाला आहे आणि दंत महाविद्यालयांत तो अजूनही दरवर्षी शिजवला जातो. तरीही सलाइनच्या बाजूला तुमचे जे होईल ते एवढेच की गाल जरा अधिक सुजेल आणि चार दिवस तोंड कमी उघडेल. सूज तशीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवड्याभरात उतरते. भूल आणि वेदनाशामक गोळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच मिळायला हव्यात. तसे कागदावर लिहिले आहे ना, तेवढे पाहा. म्हणजे अन्याय नाही, पण ‘यात नवीन काय शोधणार आहात’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ज्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते त्याच्या अभ्यासात सहभागी व्हायला मला आवडेल. तुम्हाला मधुमेह किंवा पोटात अल्सर असेल, तर मात्र ते आधी सांगा. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि अशा व्यक्तींना या अभ्यासात घेऊच नये.

दुसरा प्रश्न असा विचारा की मोजणार कोण. हा प्रश्न रुग्णाने विचारलेला मी कधी ऐकलेला नाही, पण सगळे त्यावरच अवलंबून असते. तोंड किती उघडते हे वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठरवतात, आणि सूज कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत व हनुवटीपर्यंत फीत लावून. माझ्या स्वतःच्या प्रबंधात ही मापे मीच घेत होतो आणि कोणत्या बाजूला औषध टोचले आहे हे मला ठाऊक होते. ‘अजून थोडे उघडा, थोडे अजून’ असे मी कोणत्या बाजूच्या वेळी जास्त प्रेमाने म्हणत होतो, हे आज मला नीट कळते. माझे निकाल फार सुंदर आले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाने उलटून एवढेच विचारले, “मापे कोणी घेतली?” मी म्हणालो, “मीच, सर.” त्यांनी प्रबंध मिटला आणि पुढचा प्रश्न विचारला. मी उत्तीर्ण झालो, पण तो प्रबंध नंतर मी कुठे छापायला पाठवला नाही.

तिसऱ्या दिवसाची तपासणी हीदेखील क्षुल्लक बाब समजू नका. सुजलेला गाल घेऊन डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणे म्हणजे काय, ते प्रबंधाचा आराखडा लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. माझ्या अभ्यासात पावसाळ्यात कर्जत आणि पालघरकडचे कितीतरी रुग्ण तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. काही जण बरे वाटले म्हणून आले नाहीत आणि काही जण प्रवासच झेपेना म्हणून. या दोन्ही टोकांची माणसे गळाली की उरलेल्यांची सरासरी काढून हाती काय लागणार? येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस यांची भरपाई देणे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसते, ते आमिष ठरत नाही. संकोच न करता विचारा. नोकरीतून सहा दिवसांची रजा मिळणार नसेल, तर तेही आधीच सांगा. अर्धवट सहभागापेक्षा स्पष्ट नकार विद्यार्थ्याच्याही सोयीचा असतो.

कागदपत्रांविषयी थोडेच सांगतो. माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा मराठीत हवे आणि सही केलेल्या कागदाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. समितीवर असताना मी जी मराठी माहितीपत्रके वाचली, त्यांत ‘यादृच्छिक पद्धतीने विभागणी’ असे लिहिलेले असे. हा शब्द ओपीडीतल्या किती जणांना कळतो असे मी एकदा विचारले, तेव्हा खोलीतल्या आम्हा मंडळींपैकी तिघांना तरी तो नीट सांगता आला नाही. त्या जागी ‘चिठ्ठी टाकून ठरवू’ असे लिहिले की काम भागते. पत्रकात नैतिकता समितीच्या सदस्य सचिवांचा दूरध्वनी क्रमांक असायला हवा, आणि नकार दिल्यास किंवा मध्येच बाहेर पडल्यास उपचारात फरक पडणार नाही हे वाक्यही. संशोधनामुळे काही अपाय झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले हवे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही २००७ पासूनची सरकारी नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. त्यात हा अभ्यास शोधून काय मोजणार म्हणून आधी लिहिले आहे ते पाहता येते. अभ्यास तिथे सापडला नाही, तर नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर डॉक्टर रागावले, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी उजवी दाढ काढायलाच हवी असे सांगितले आणि मापे घेणाऱ्याला बाजू ठाऊक नसेल, तर खुशाल सही करा. त्यांनी ती राहू द्या असे सांगितले, तर या अभ्यासासाठी तुम्ही योग्य रुग्ण नाही, एवढेच त्या विद्यार्थ्याला नम्रपणे सांगा आणि डावी दाढ नेहमीच्या रांगेत काढून घ्या. हवे तर तुमच्या शल्यचिकित्सकांना त्या बाजूला डेक्सामेथासोन देण्याविषयी विचारा. त्यासाठी कोणत्याही अभ्यासात नाव घालावे लागत नाही. ओपीजीची फिल्म आणि केसपेपर मात्र स्वतःकडे जपून ठेवा, कारण उजव्या दाढेचा पुढचा एक्स-रे काढाल तेव्हा तो आजच्या फिल्मशेजारी ठेवूनच पाहावा लागेल.