किराण्याचा हिशेब किलोत लिहून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहता, घरात चार माणसं, मुलं आठवीत आणि चौथीत. दोन वर्षांपूर्वी किराणा, भाजी आणि दूध नऊ हजारांत बसायचं, आता साडेतेरा हजार जाऊनही वीस तारखेनंतर दुकानात खातं मांडावं लागतं. रोजचा खर्च वहीत लिहिता, तरी पैसा कुठे गळतोय ते सापडत नाही. सासूबाई म्हणतात वर्षाचं धान्य एकदम भरा, मिस्टर म्हणतात मॉलमधून ऑफरमध्ये आणू. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी सिडकोत तेवीस वर्षं घर चालवतेय. माहेर चांदवड तालुक्यातलं, कांद्याचं. या वाटेने मीही गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाई आणि मिस्टर दोघांचं म्हणणं क्षणभर बाजूला ठेवा. तुमची वही आधी बघू. तुम्ही लिहिलंय, ‘तेल ५४०, डाळ ३२०, भाजी १८०’. यात वजन कुठेच नाही. भाव वाढला म्हणून जास्त गेले की घरात जास्त खपलं म्हणून गेले, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

माझंच सांगते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल भडकलं. त्याच उन्हाळ्यात इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे तिकडे काही झालं की इकडे कढईला चटका बसतो. मी पण सगळ्यांसारखी युद्धाला नावं ठेवत होते. एका दुपारी जुन्या बिलांचा गठ्ठा सोडला आणि लिटर मोजले. लॉकडाऊनच्या आधी आम्हाला महिन्याला ३ लिटर तेल लागायचं, साधारण १२० च्या भावाने ३६० रुपये. २०२२ मध्ये १८० चा भाव आणि साडेचार लिटर, म्हणजे ८१० रुपये. वाढले ४५०. पण जुनंच ३ लिटर वापरलं असतं तर ५४० झाले असते. म्हणजे ४५० पैकी १८० रुपये महागाईचे आणि २७० आमच्या वापराचे.

दीड लिटर वाढलं कशाने, हे शोधायला वेळ लागला नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही एक लिटरची पिशवी सोडून पाच लिटरचा कॅन आणायला लागलो होतो. कॅन उचलून कढईत ओतला की धार आवरत नाही. तेव्हापासून मी सकाळी एका छोट्या बरणीत १०० मिली तेल काढून ठेवते. तिच्यावर नेलपॉलिशने रेघ मारलीय. दिवसभराच्या फोडण्या, पोळ्या, भाजी सगळं त्यातून. संध्याकाळी बरणी रिकामी झाली तर दुसऱ्या दिवशीचं आज काढायचं नाही. तळणाचं तेल वेगळं, तेही महिन्यातून एकदाच. पहिला आठवडा मुलांनी कुरकुर केली, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. महिन्याचं तेल परत सव्वातीन लिटरवर आलं.

म्हणून म्हणते, पुढच्या एक तारखेपासून वहीत प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि भाव दोन्ही लिहा. आमच्या चौघांचा अंदाज देते: गहू १२ किलो, तांदूळ ६, तूरडाळ २, इतर डाळी-कडधान्यं मिळून ३, साखर ३, शेंगदाणे २, दूध रोज दीड लिटर. तुमचं थोडं इकडेतिकडे असेल. पण साखर ५ किलो आणि दूध रोज अडीच लिटर निघालं, तर गळती तिथेच आहे असं समजा. दुधाचं बिल बहुतेक घरांत किराण्याच्या वहीत येतच नाही, गवळ्याला किंवा डेअरीला परस्पर दिलं जातं. रोजचं अर्धा लिटर जास्त म्हणजे महिन्याला १५ लिटर, तेवढे पैसे कुणाच्या नजरेला न पडता जातात.

एकदा वजन लिहायला लागलात की सगळी महागाई सारखी नसते हेही दिसेल. भाजीची महागाई येते तशी जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात भाजीपाल्याचे भाव वर्षभरात ४२ टक्क्यांनी वाढलेले होते. पुढच्याच ऑक्टोबरमध्ये खाद्यपदार्थांच्या भावांचा एकूण आकडा वर्षभराच्या मानाने ५ टक्के खाली होता. तेलाचं मात्र तसं झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सगळं मिळून साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं, दिवाळीच्या तोंडावर भाव चढले आणि चढेच राहिले. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं. भाजी महागली तर तीन-चार आठवडे कळ काढायची, तेल-दूध महागलं तर सवय बदलायची. आपण नेमकं उलटं करतो. टोमॅटो महागला की घर डोक्यावर घेतो आणि तेलाचा नवा भाव मुकाट्याने देतो.

जुलै २०२३ आठवा. टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती. आपल्याकडे गिरणारे-पिंपळगावचा टोमॅटो ऑगस्टनंतर जोरात येतो, जून-जुलैत त्याची टंचाई असतेच. त्या दोन महिन्यांत मी आमटीला आमसूल आणि चिंचेचा कोळ वापरते. सप्टेंबरनंतर स्वस्त झाला की मग हवा तेवढा.

नाशिकमध्ये राहून एका गोष्टीचा फायदा घेतलाच पाहिजे, ती म्हणजे कांदा. लासलगाव आपल्यापासून तास-दीड तासावर, आणि तरी ऑक्टोबरात आपण दुकानातून पाव-पाव किलो महाग कांदा आणतो. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसाच घ्यावा. जुना उन्हाळ संपत आला आणि परतीच्या पावसाने लाल कांदा खराब केला की भाव उडतो. एप्रिल-मेमध्ये एकदम २५-३० किलो घ्या. घेताना मान बघा. मान बारीक आणि सुकून मिटलेली, वरची पत्ती कोरडी, दाबल्यावर टणक, असा कांदा राहतो. मान जाड आणि ओलसर असेल तर कितीही स्वस्त असला तरी आठवड्याभरात सडायला लागतो. गोणीत बांधून ठेवू नका. पलंगाखाली वर्तमानपत्रावर एका थरात पसरा किंवा जाळीच्या पिशव्यांत गॅलरीत टांगा, बटाट्यांपासून लांब. दर रविवारी वास घ्यायचा. एखादा जरी पाणी सोडायला लागला असेल तर तो आणि त्याला चिकटलेले शेजारचे बाजूला काढून त्या दिवशीच संपवायचे. माझे वडील कांद्याच्या चाळीत असंच करायचे, नाकाने.

(कांद्याबद्दल आणखी एक लिहिल्यावाचून राहवत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा शहरात आपल्याला कांदा स्वस्त मिळाला, पण त्याच आठवड्यात माहेरी भावाचा फोन आला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. म्हणून मंडईत शेतकरी स्वतः बसलेला असेल तर मी भाव पाडून मागत नाही. बचत करायला घरात भरपूर जागा आहे.)

भाजीसाठी बुधवारी गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा बाजार गाठता आला तर बघा. पाथर्डी फाट्याहून एकटीने गेलात तर रिक्षातच बचत जाईल. शेजारच्या दोघी-तिघी मिळून जा, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या एकत्र घेऊन वाटून घ्या. पालेभाजी घरी आल्याबरोबर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा. न निवडलेली जुडी फ्रीजमध्ये काळी पडते आणि घासाघीस करून वाचवलेले पैसे कचऱ्यात जातात.

आता वर्षाचं धान्य. सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, पण तुमच्या आजच्या परिस्थितीत मी एकदम भरू नका असंच सांगेन. बाराने गुणलं तर गहू दीड क्विंटलच्या आसपास होतो, म्हणजे एका फटक्यात पाच हजार. वीस तारखेला हात रिकामा होणाऱ्या घरात तेवढे पैसे कोठीत अडकले तर मधला आजारपणाचा खर्च उधारीवर जातो. एका वर्षी एकच जिन्नस भरा. नवी तूर जानेवारी ते मार्च येते, तेव्हा डाळ सहा महिन्यांची घ्या. पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये गहू. भिशी असेल तर तुमचा नंबर त्या महिन्यात लावून घ्या, मी तसंच करते. सुटं धान्य घेण्याचा आणखी एक फायदा: जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. तांदूळ घोटीकडून येणारा इंद्रायणी खात असाल तर ओळखीतून ५० किलो दोघींत वाटून घ्या.

भरताना माझ्याकडून झालेली चूक सांगते. पहिल्या वर्षी गहू गच्चीवर चांगलं दोन दिवस ऊन दाखवून वाळवला आणि संध्याकाळी गरम गरमच पत्र्याच्या कोठीत भरला. आत वाफ धरली. श्रावणात झाकण उघडलं तर कडेने गहू गोळे झालेला आणि सोंडे किडे चालताहेत. चाळीस किलो गेला, रडू आलं होतं. गहू वाळवल्यावर रात्रभर पसरून गार होऊ द्यायचा, सकाळी कडुलिंबाचा सुकलेला पाला थरांत घालून भरायचा. डाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळायचं.

मॉलबद्दल थोडक्यात. ऑफर वाईट नसते, पण पाकिटावरच्या किमतीशेजारी दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, तेवढी वाचूनच टोपलीत टाका. किंमत तीच ठेवून वजन कमी केलेली पाकिटं आता सगळीकडे आहेत. तेलाच्या डब्यात तर मी स्वतः फसले. दोन डबे, भावात शंभर रुपयांचा फरक, मी स्वस्त उचलला. घरी आल्यावर बघितलं, एकावर १५ किलो होतं आणि मी आणलेल्यावर १५ लिटर. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे माझ्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वर. शंभर रुपये वाचवायला जवळजवळ १३५० ग्रॅम तेल कमी आणलं. आणि ती दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं फोनमधून महिनाभर काढून ठेवा. कोथिंबीर मागवायची म्हणून उघडतो आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून दोनशेचं बाकी सामान घेतो.

रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. चौघांचं २० किलो होतं. ते घ्यायला लाजू नका.

डाळीत बदल करायला खूप वाव आहे. तुरीच्या वरणात तिसरा हिस्सा मसूर घातली तर मुलांना चव कळतसुद्धा नाही. आठवड्यातून दोनदा मटकी, एकदा हुलगे. पाव किलो मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते आणि चौघांची भाजी त्यात निघते.

कात्री कुठे लावू नये, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. मुलांचं दूध, डाळ, अंडी खात असाल तर अंडी आणि तुमचं स्वतःचं ताट. माझ्या धाकट्याच्या वेळेला आमची परिस्थिती ओढगस्तीची होती. मी कुणाला न सांगता माझं दूध बंद केलं, भाजी सगळ्यांना वाढून उरली तरच घ्यायची. दीड वर्षाने जिना चढताना चक्कर आली, हिमोग्लोबिन आठच्या खाली. औषधांना आणि तपासण्यांना जे गेलं त्यात माझ्या दोन वर्षांच्या भाजी-दुधाचे पैसे निघाले असते. घरात कुणालाच कळलं नव्हतं, कारण वहीत ‘आईने काय खाल्लं’ हे कुणी लिहीत नाही. तुम्ही प्रश्नात एका ओळीत सहज लिहून गेलात की ‘मी आता एक वेळच पोळी खाते, तेवढीच बचत’. ताई, ते आजच थांबवा. तुमच्या दोन पोळ्यांचा गहू महिन्याला दोन किलोसुद्धा होत नाही.

एक तारखेपासून वजनं लिहा, आणि महिना भरला की तेल, दूध, साखर, डाळ आणि बाहेरचं खाणं एवढे पाच आकडे इथेच टाका. मी माझी वही शेजारी ठेवून बसते, मिळून बघू.