कॅमेऱ्याच्या पेटंटच्या बातम्या वाचून नवीन कॅमेरा घेणं लांबवावं का?

कॅननने 'क्वाड पिक्सेल ऑटोफोकस'चं पेटंट घेतल्याची बातमी तुम्ही वाचलीत. हातात जुना डीएसएलआर आहे, हिवाळ्यात भिगवणला पक्षी टिपायला जाता आणि हे तंत्र असलेला कॅमेरा बाजारात येईपर्यंत थांबावं का, असं विचारताय. माझं उत्तर: थांबू नका. पुण्यात पेटंट शोधून, वाचून अहवाल देणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे आणि कॅमेरा हा माझाही छंद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बातमीतला 'घेतलं' हा शब्दच बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्या कागदावरून बातमी होते तो नुसता अर्ज असतो. जपान असो, अमेरिका असो की भारत, अर्ज दाखल झाल्यावर साधारण 18 महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. त्याची तपासणी तेव्हा सुरूही झालेली नसेल. जपानात तर तपासणीची मागणी करायलाच 3 वर्षांची मुदत आहे. शिवाय जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क, असा नियम असल्यामुळे वस्तू बनवायची की नाही हे ठरायच्या आतच अर्ज पाठवून दिला जातो. म्हणजे आज आपण वाचतो ते दीड वर्षापूर्वी कुणा इंजिनिअरच्या टेबलावर होतं. त्यातलं काही एव्हाना दुकानात आलेलं असतं, काही केव्हाच गुंडाळलेलं असतं.

आता तुमच्या क्वाड पिक्सेलकडे येऊ. 2013 साली ईओएस 70डी या कॅमेऱ्यात कॅननने 'ड्युअल पिक्सेल' आणलं. सेन्सरवरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या प्रत्येक पिक्सेलचे (ठिपक्याचे) डावा आणि उजवा असे दोन भाग केले आणि दोन्हींना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून फोकस ठरवला. युक्ती उत्तमच, पण त्यात एक उणीव राहते. भाग डावे-उजवे असल्यामुळे उभ्या रेषा झटकन कळतात, निव्वळ आडव्या रेषा मात्र नीट कळत नाहीत. आडव्या पट्ट्यांचा शर्ट, खिडकीच्या आडव्या पट्ट्या किंवा पाण्यावरचे आडवे तरंग समोर आले की फोकस चाचपडतो. यावर सरळ उपाय म्हणजे पिक्सेलचे दोनाऐवजी चार भाग करणं. वर्षानुवर्षं अंदाज हाच होता की पुढचा मोठा कॅमेरा येईल तो चार भागांचाच.

प्रत्यक्षात काय झालं? चार भागांचा क्वाड पिक्सेल 2022 मध्ये आला तो ओएम सिस्टीमच्या ओएम-1 मध्ये, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात. कॅननने 2024 मध्ये ईओएस आर1 हा कॅमेरा आणला, त्यात आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा फोकस दिला, पण पिक्सेलचे भाग दोनच ठेवले. काही पिक्सेलची विभागणी 90 अंशांत फिरवली, म्हणजे डाव्या-उजव्याऐवजी वर-खाली केली, आणि काम झालं. अंदाज बांधणाऱ्यांनी प्रश्न बरोबर ओळखला होता, उत्तर मात्र वेगळंच निघालं.

म्हणूनच मी कुठलाही अर्ज हातात घेतला की आधी उपाय वाचत नाही. जपानी अर्जात 'या शोधाने सोडवायचा प्रश्न' अशा अर्थाचं वेगळं शीर्षकच असतं. तिथे कंपनीला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं की आजवरच्या रचनेत काय अडतंय. जाहिरातीत हे कधीच सापडणार नाही. एकाच अडचणीवर दोन-तीन वर्षांत वेगवेगळे अर्ज येत असतील तर तिथे पैसा आणि माणसं लागली आहेत असं खुशाल समजा. उपाय कोणता निवडतील, हे मात्र त्यावरून कळत नाही.

लेन्सच्या अर्जांचं थोडं वेगळं आहे. त्यात प्रत्येक नमुन्याचं आकड्यांचं कोष्टक असतं आणि ते खरंच बोलतं. इमेज हाइट, म्हणजे चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, 21.64 मिमी दिसली तर लेन्स फुल फ्रेमसाठी आहे, कारण तो फुल फ्रेमच्या, म्हणजे 36 गुणिले 24 मिमीच्या सेन्सरचा अर्धा कर्ण आहे. मग बॅक फोकस, म्हणजे शेवटच्या काचेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर बघा. ते 12-15 मिमी असेल तर लेन्स मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठीच आहे. डीएसएलआरमध्ये मधल्या आरशाला जागा लागते, तिथे इतकी जवळ काच बसूच शकत नाही. पण एका अर्जात असे चार-सहा नमुने असतात आणि बातमीत त्या सगळ्यांच्या 'येऊ घातलेल्या लेन्स' होतात. ते नमुने हक्काचं कुंपण जरा लांबवर घालण्यासाठी दिलेले असतात. त्यातली एकही लेन्स न बनणं अगदी नेहमीचं आहे.

आणि चांगली कल्पनासुद्धा किती काळ पडून राहते बघा. सोनीने 2014 मध्ये वक्र सेन्सर करून दाखवला होता. आपल्यासारख्यांना विकत घेता येईल अशा कॅमेऱ्यात तो अजून आलेला नाही. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला, 1978 मध्ये त्याचं अमेरिकी पेटंटही मिळालं, तरी कंपनी फिल्मच विकत राहिली. याची मला आजही हळहळ वाटते.

तेव्हा यंदाचा हंगाम घालवू नका. पुण्यात भाड्याने कॅमेरे मिळतात. पक्ष्याचा डोळा ओळखणारा एखादा मिररलेस दोन दिवसांसाठी घ्या आणि भिगवणच्या होडीतून स्वतः वापरून बघा. रोहित (फ्लेमिंगो) किंवा बदक सोडून फोकस पाण्याच्या आडव्या तरंगांत घुटमळायला लागला, तर कॅमेरा 15-20 अंश तिरका करा, फोकस धरून ठेवा आणि मग सरळ करून फोटो काढा. तिरक्या झालेल्या रेषा ड्युअल पिक्सेललाही दिसतात. माझं बरंचसं काम तेवढ्याने भागतं.